कानसेन मिस्त्रींच्या बायकोचे कान

कानसेन हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं एकेक करून कमी होत गेली आणि शेवटी तेवढंच उरलं. बेकरीच्या गल्लीत, टायरवाला आणि काच बसवणारा यांच्या मधे, एका वेळी एकच गाडी मावेल असा त्यांचा गाळा होता. दारावर पाटी नव्हती आणि तिची गरजही पडली नाही. त्यांच्याकडे येणाऱ्याला कुणीतरी सांगूनच पाठवलेलं असायचं, "तिथे जा. ते मिस्त्री इंजिन बघत नाहीत, ऐकतात."

सगळी कामं ते घेत नसत. ब्रेक आला, क्लच आला, पत्र्याचं काम आलं की सरळ हात जोडायचे. त्यांचं काम एकच, जुन्या गाड्यांची ठिणगी. जुन्या म्हणजे धुऊनपुसून रविवारी मिरवायला काढतात त्या गाड्या नव्हेत. रोज सकाळी कामाला जुंपायच्या गाड्या. कुणाची पाव पोहोचवणारी, कुणाची ड्रायव्हिंग शिकवणारी. असल्या गाडीत संगणक-बिंगणक काही नसतो. डिस्ट्रिब्युटर नावाचा मुठीएवढा डबा असतो आणि त्यात पॉइंटची इवलीशी जोडी. इंजिन फिरतं तसे पॉइंट उघडतात, मिटतात, आणि दर उघडण्यासरशी कॉइलमधून प्लगला करंट जाऊन ठिणगी पडते. पुढे हे पॉइंट जळतात, झिजतात, त्यांच्यातली फट कमीजास्त होते. मग गाडी सकाळी कुरकुरते, रस्त्यात मिसिंग मारते आणि सिग्नलला भर गर्दीत मान टाकते.

पॉइंट घासणं, पट्टीने फट मोजणं, प्लग साफ करणं, हे कुणीही करील. मिस्त्रींची करामत त्याच्या पुढची. इंजिन चालू ठेवून ते डिस्ट्रिब्युटरचा नट ढिला करायचे, तो डबा केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचे आणि मान तिरकी करून ऐकत राहायचे. ठिणगी जरा लवकर, जरा उशिरा. मधेच एका जागी इंजिनाचा सूर असा लागायचा की शेजारचा टायरवालाही हातातलं काम थांबवून म्हणायचा, "झालं!" मग नट आवळून डबा आणि इंजिन दोहोंवरून मिळून ते पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायचे. ती त्यांची सही. टायमिंग बघायचा दिवा बाजारात मिळतो. तो त्यांच्याकडेही होता, कपाटात, खोक्यासकट. "दिव्यानेच बघायचं तर देवाने कान काय चष्मा अडकवायला दिलेत?" असं ते विचारायचे, आणि गिऱ्हाईक हसलं की खूश व्हायचे.

त्यांची बायको मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. सारी नोकरी कानाला हेडफोन लावून काढलेली. पलीकडचा माणूस 'हॅलो' म्हणायच्या आत, नुसत्या श्वासावरून ती सांगायची की हे भूलतज्ज्ञ आहेत आणि आज चिडलेले आहेत. निवृत्त झाली त्या दिवशी तिने जाहीर केलं, "आता मला कानाला आराम हवाय," आणि तेव्हापासून गाळ्याकडे फिरकली नाही. तिथल्या आवाजात म्हणे तिचं डोकं उठायचं.

असं सगळं सुरळीत चाललं असताना त्या रेघेने घोळ केला.

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाई नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आल्या. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं तर त्यांची रेघ तुटलेली. डब्यावरचा अर्धा भाग एकीकडे, इंजिनावरचा दुसरीकडे, मधे गव्हाच्या दाण्याएवढं अंतर. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण शिकाऊ माणसं कुठेकुठे गाडी आपटतात, नट ढिला झाला असेल, असं म्हणून विषय सोडला. पुन्हा ऐकून टायमिंग लावलं, पुन्हा रेघ ओढली. बाई काहीतरी बोलणार होत्या, त्यांनी पर्स उघडली आणि मिटली, आणि 'येते' म्हणून निघून गेल्या.

त्याच आठवड्यात बेकरीवाला आला. त्याच्याही गाडीवरची रेघ तुटलेली. तितकीच. आणि त्याच बाजूला.

मिस्त्रींचा पारा चढला. "माझ्या कामाला हात कुणी लावला?"

बेकरीवाला चाळिशीतला, तोंडाने फटकळ माणूस. पण त्या दिवशी तो आपल्या पिठाळ बोटांकडे बघत राहिला.

"मीच लावला, काका."

"तू? पाव भाजता भाजता मिस्त्री कधी झालास?"

"चढावर खडखडत होती हो गाडी. पाण्याच्या टाकीजवळचा तो चढ आहे ना, तिथे. वाळू सांडल्यासारखी. म्हणून टायमिंग जरा मागे घेतलं. मग थांबली."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं. दोनदा. तुम्ही माझ्याबरोबर चढावर चक्कर मारलीत आणि म्हणालात, गाडी नाही, तुझे कान वाजतात."

मिस्त्रींना ते आठवत होतं. अगदी शब्दान् शब्द. गमतीने म्हणाले होते आणि टायरवाल्यालाही सांगितलं होतं.

"मग येतोस कशाला माझ्याकडे?" त्यांनी विचारलं. आवाज चढवायचा होता, पण चढला नाही.

"मग कुणाकडे जाऊ?" बेकरीवाला म्हणाला. "पॉइंट तुमच्यासारखे कोण लावतं? तेवढं एक मी घरी जाऊन फिरवून घेतो. त्यात काय मोठंसं!"

तो गेल्यावर मिस्त्री गाळ्यातल्या स्टुलावर बसून राहिले. ठिणगी फार लवकर पडली की पेट्रोल अवेळी भडकतं आणि इंजिन चढावर आतून ठोके देतं. हे त्यांना शिकवायला कुणी नको होतं. अशी हललेली रेघ त्यांनी आधीही एकदोनदा बघून सोडून दिली होती. एका गाडीवरची रेघ हलली तर नट ढिला असेल. दोन गाड्यांवरची एकाच बाजूला, सारखीच हलली, तर खोट गाड्यांत नाही. त्यांना ते ठोके ऐकूच येत नव्हते. जिथे सूर लागला असं वाटत होतं, तिथे तो लागतच नव्हता.

त्या दिवशी ते दुपारीच घरी आले. बायको म्हणाली, "बरं झालं लवकर आलात. मी जरा पडते. वॉशिंग मशीन वाजलं की तेवढे कपडे काढून वाळत घाला." ते मशीनशेजारीच खुर्ची टाकून बसले. बराच वेळ गेला. मग बायको डोळे चोळत आली, तिने मशीनचं बटण दाबलं आणि त्यांच्याकडे बघितलं.

"केव्हाचं पीप-पीप करतंय हे. आत मला ऐकू आलं."

मिस्त्री खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "तुला माहीत होतं?"

"वर्षभर तरी."

"मग बोलायचंस की."

"बोलले की," ती म्हणाली. "तुम्हाला ऐकू नाही आलं."

दोघंही हसली. हसता हसता मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी बनियनला पुसलं. बायको त्यांच्या हातावर हात ठेवून तशीच ओल्या कपड्यांशेजारी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तीच त्यांना कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना एका काचेच्या खोलीत बसवून कानात बारीकबारीक आवाज सोडले आणि कागदावर रेघ काढून दाखवली. खालचे, जाड आवाज ठीक. वरचे, बारीक आवाज एकदम कड्यावरून खाली पडल्यासारखे गेलेले. जन्मभर इंजिनाजवळ कान नेऊन बसलात, त्याचं हे फळ, असं त्या म्हणाल्या, पण चांगल्या शब्दांत म्हणाल्या. कानाला लावायचं यंत्र मिळालं. त्याने घरात बोलणं नीट ऐकू यायला लागलं. पण गाळ्यात ते घालून इंजिन चालू केलं की सगळाच गदारोळ. त्यातून एक बारीक ठोका वेगळा काढणं म्हणजे जत्रेत कुणाचं तरी कुजबुजणं ऐकण्यासारखं.

मिस्त्रींनी शटर खाली ओढलं. लोकांना सांगितलं, कंबर धरलीय. सकाळी उठून ते हजामत करायचे, कपडे घालायचे आणि मग जायला जागा नाही म्हणून खिडकीत बसायचे. खालून गाड्या जायच्या. ते बघायचे आणि नजर फिरवायचे.

अशातच एका सकाळी नर्सबाई थेट घरी आल्या. घरोघरी जाऊन मलमपट्टी करणाऱ्या, इंजेक्शनं देणाऱ्या या बाई. त्यांची लहानशी निळी गाडी त्यांच्याहून वयाने थोडीच लहान असेल. दिवसभर चालू-बंद, चालू-बंद. त्यामुळे तिचे पॉइंट सगळ्यांत आधी जळायचे. बाई कितीदा म्हणाल्या होत्या, मिस्त्री, पॉइंटच्या जागी बसणारी ती इलेक्ट्रॉनिक डबी मिळते ना, ती लावून टाका. आणि मिस्त्री दर वेळी नको म्हणायचे. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. पॉइंट बिघडले तर रस्त्याच्या कडेला घासून माणूस घरी तरी येतो. डबी गेली की चालत या.

"कंबर कशी आहे?" बाईंनी बसायच्या आत विचारलं.

"कंबरेला काय धाड भरलीय," मिस्त्रींची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "कान गेलेत त्यांचे."

बाईंनी मान वळवली. "हा आवाज! तुम्ही इस्पितळाच्या बोर्डवर होतात ना? 'जोडते हं, जरा थांबा' म्हणायच्या, त्या?" आणि दोघी बायका अशा गप्पांना लागल्या की मिस्त्रींना वाटलं, आपला विषय टळला. पण बाई विसरल्या नव्हत्या.

"काल सकाळी तीन पेशंट वाट बघत होते आणि गाडी ढिम्म. नखं घासायच्या कानशीने पॉइंट घासले मी, तुम्ही शिकवलं होतंत तसे. गाडी चालू झाली, कानस गेली कामातून. आता ती डबी आणलीय मी. कॉइल पण आणलीय. लावून द्या."

"बाई, दुसऱ्या कुणाकडे जा. मला टायमिंग ऐकू येत नाही."

"शीर दिसली नाही की मी काय करते? पेशंटला परत पाठवते? बोटाने शोधते."

"इंजिनाला शीर नसते."

"दिवा आहे ना तुमच्याकडे?" बायको मधेच म्हणाली. "कपाटात, खोक्यात."

"दिवा पुस्तकातला आकडा दाखवतो," मिस्त्री म्हणाले. "नव्या इंजिनाचा. हे इंजिन झिजलेलं, आजचं पेट्रोल वेगळं. शेवटी चढावर नेऊन ऐकावंच लागतं. तिथे मी बहिरा."

"चढावर मी ऐकेन," बायको म्हणाली.

"तू? तुला काय कळतं त्यातलं?"

"मला फक्त ऐकू येतं. कळायचं काम तुम्ही करा."

शटर वर गेलं तेव्हा टायरवाला हातातला पाना टाकून धावत आला. मिस्त्रींच्या मागून पायात नोकरीतले काळे बूट घातलेली त्यांची बायको बघून मात्र तो दोन पावलं मागे सरला.

डबी लावायचं काम तसं नाजूक, पण अवघड नव्हतं. पॉइंट आणि त्यांना जळण्यापासून वाचवणारा कंडेन्सर काढले. डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर लोहचुंबकाची कडी बसवली, शेजारी छोटा सेन्सर. आता घासणं नाही की झिजणं नाही. मिस्त्रींनी कागदावरची माहिती चष्मा लावून सावकाश वाचली, नवी कॉइल बसवली, दोन वायरी जोडल्या आणि बायकोला सेल्फ मारायला लावला. गाडी फुरफुरली. किल्ली सोडली, बंद. पुन्हा मारला, फुरफुरली. सोडली, बंद.

मिस्त्रींनी बॉनेटखाली पुन्हा डोकं घातलं. त्यांनी सगळी जोडणी दोनदा तपासली. बायको गाडीत किल्ली धरून बसली होती. तिने खिडकीतून मान बाहेर काढली.

"सेल्फ आहे तोवर छान बोलते हो. किल्ली सोडली की लाइन कट."

मिस्त्री थबकले. लाइन कट! या जुन्या गाडीत सेल्फ मारताना कॉइलला पूर्ण करंट मिळायचा, आणि किल्ली सोडली की पॉइंट जळू नयेत म्हणून मुद्दाम घातलेल्या एका वायरीतून कमी करून मिळायचा. पॉइंटना तो पुरायचा. या डबीची भूक मोठी होती. त्यांनी किल्लीपासून कॉइलपर्यंत एक नवीन, जाड वायर ओढली. या वेळी किल्ली सोडली तरी गाडी चालू राहिली. मिस्त्रींनी इंजिनावर तळहात ठेवला. ती थरथर त्यांना हाडांतून ओळखीची होती. त्यांनी खोक्यातून दिवा काढला, आकडा जुळवला आणि म्हणाले, "चल."

पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर नर्सबाई गाडी चालवत होत्या, मिस्त्री शेजारी, आणि मागच्या सीटवर बायको डोळे मिटून बसलेली. तिच्या चेहऱ्यावर त्यांनी कधीही न पाहिलेलं गांभीर्य होतं. नोकरीत ती रोज अशीच दिसत असणार, आणि आपण ते कधी बघितलंच नाही, असं त्यांच्या मनात आलं.

"वाटाणे!" ती एकदम ओरडली.

"काय?"

"डब्यात सुके वाटाणे टाकून कुणी हलवतंय. आता थांबले. नाही, परत आले!"

मिस्त्रींनी गाडी कडेला घ्यायला लावली, डिस्ट्रिब्युटरचा डबा केसभर मागे फिरवला. पुन्हा खाली जाऊन पुन्हा चढ. "आहेत, पण दोनचारच," बायको म्हणाली. पुन्हा केसभर. तिसऱ्या खेपेला गाडी चढ संपवून टाकीपाशी पोहोचली तरी मागून आवाज नाही. मिस्त्रींनी मागे वळून बघितलं.

"आता?"

"आता काही नाही. नुसती गाडी."

त्यांचा जीव भांड्यात पडला. तिथेच बॉनेट उघडून त्यांनी नट आवळला आणि पांढरी रेघ ओढली. नर्सबाईंना सुटी पॉइंटची जोडी, कंडेन्सर आणि एक स्क्रूड्रायव्हर पिशवीत घालून दिला, डबी कधी दगा देईल तर असावा म्हणून. बाईंनी आभार मानले तेव्हा ते म्हणाले, "मी मानायचे ते तुम्ही कुठे मानताय!" आणि मग पिशवीची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधली.

दुसऱ्या दिवशी ते बेकरीत गेले. दुकानात गर्दी होती. कानातलं यंत्र त्यांनी गाळ्यात काढून ठेवलं होतं, त्यामुळे हळूच कानात सांगायला म्हणून जे बोलले ते सगळ्या रांगेला ऐकू गेलं.

"वर्षभर माझी चूक झाकलीस, आणि वर गाडी माझ्याकडेच आणत राहिलास. एवढं कोण करतं रे?"

रांगेतली सगळी डोकी वळली. बेकरीवाल्याचे कान पिठातून लाल दिसायला लागले. "काका, हळू!" तो म्हणाला. "माझं काय एकट्याचं? टायरवाल्याला विचारा. ड्रायव्हिंगच्या बाईंच्या गाडीचं टायमिंग तोच मागे घ्यायचा."

म्हणजे टायरवालाही! 'झालं!' म्हणून काम थांबवणारा टायरवाला, ज्याला त्यांनी कान वाजण्याचा विनोद सांगितला होता. सगळ्या गल्लीने कानाडोळा केला होता, आणि तो त्यांच्या चुकीसाठी नव्हे, त्यांच्यासाठी. मिस्त्रींना राग यायला हवा होता. त्यांनी स्वतःत तो शोधूनही बघितला. सापडला नाही. गरम पावाची पिशवी घेऊन ते टायरवाल्याकडे गेले आणि दोघांनी टायरच्या ढिगावर बसून ती संपवली.

त्यानंतर गाळ्यात एक उशीवाली खुर्ची आली. ज्यांना हवी त्यांना मिस्त्री डबी बसवून देत, ज्यांचा जुन्या पॉइंटवर जीव होता त्यांचे पॉइंट घासून देत, आणि चढावरची चक्कर मात्र सगळ्यांना सक्तीची. बायकोने ठोक्यांची आपली भाषा बनवली. वाटाणे, वाळू, आणि अगदी वाईट असेल तर 'खोटं बोलण्याआधी खाकरणारा माणूस'. गिऱ्हाईकं आल्याआल्या विचारू लागली, "बाई आहेत ना?" नसली तर उद्या येतो म्हणायची. मिस्त्रींना सुरुवातीला हे जरा लागलं. मग रात्री जेवताना तिला तेच सांगताना त्यांच्या लक्षात आलं की आपण फुशारकी मारतोय, आणि ती आपली नाही, तिची.

तिचा मात्र वेगळाच हट्ट होता. दर वेळी मागच्या सीटवर बसून ती कंटाळली होती. इंजिन पुढे, मी मागे, निम्मं ऐकू येतं, असं तिचं म्हणणं. चालवणाऱ्याच्या जागेवर बसलं तर नीट कळेल. म्हणून साठी उलटून गेलेली ही बाई ड्रायव्हिंग शिकायला लागली. ड्रायव्हिंगच्या बाईंनी एक शब्द न बोलता तिला सकाळच्या पहिल्या वेळेत घेतलं, आणि पहिल्या दिवशी मिस्त्री मागच्या सीटवर बसले, पट्टा आवळून.

गाडी निघाली. बायकोने गिअर टाकला. बाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले, रस्त्यावरच्या दोघातिघांनी वळून बघितलं. मिस्त्रींना पायाखालच्या पत्र्यातून काय व्हायचं ते सगळं कळलं, फक्त गिअरची ती कर्कश किंचाळी ऐकू आली नाही. आपले कान गेले याबद्दल त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच देवाचे मनापासून आभार मानले, आणि पुढच्या सीटकडे वाकून म्हणाले, "छान चाललंय. असंच चालू दे."